समोरचा बघतो एकीकडे आणि वळतो दुसरीकडे, तेव्हा आपलं डोकं नेमकं कुठे अडकतं?

कॅशियरबाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ४७, स्कूटी चालवायला लागून २२ वर्षं झाली. इतक्या वर्षांत कधी पडले नाही ती गेल्या महिन्यात पडले. पडल्याची लाज आहेच, पण त्याहून जास्त कोडं पडलंय, म्हणून हा धागा.

संध्याकाळी सहाच्या सुमारास राजवाड्याकडून घरी निघाले होते. पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने मान उजवीकडून बाहेर काढली, पाठोपाठ उजवा हातही काढला. मी धरून चालले की हा उजवीकडे वळणार, आणि डावीकडून पुढे काढायला गेले. (डावीकडून काढू नये हे मला माहीत आहे. पहिल्या प्रतिसादात तेच लिहू नका.) तर हा बाबा वळला डावीकडे.

आता कोडं काय ते सांगते. माझी दोन बोटं कायम ब्रेकवर असतात, तेव्हाही होती. तरी ब्रेक दाबला गेला नाही. हँडलही वळवलं नाही. मी नुसती बघत राहिले. डोक्यात एकच वाक्य होतं, शब्दन् शब्द आठवतोय: "अगं, पण हा तर तिकडे बघत होता!" रिक्षाचं चाक समोर आडवं आलंय आणि मी त्याच्या मानेचा हिशोब लावत बसलेय. कॅश जुळली नाही की आपण हातातलं बंडल खाली ठेवून पहिल्यापासून मोजायला घेतो ना, अगदी तसं. आरसा फुटला, गुडघा सोलवटला. थोडक्यात निभावलं.

तेव्हापासून मी असल्या गोष्टींवर लक्षच ठेवून आहे. आमच्या शाखेत जिन्याच्या तोंडाशी एक पाटी आहे, 'कर्ज विभाग', आणि खाली डावीकडे बाण. कर्ज विभाग दोन वर्षांपूर्वी उजवीकडच्या खोलीत गेला. बाण तिथेच. मला हे पक्कं ठाऊक आहे, दिवसातून चार वेळा जाते, तरी हातात फाईल आणि डोक्यात दुसरं काही असलं की पाऊल डावीकडेच पडतं.

पण बाणाने फसवलं तर मी मुकाट्याने फिरते आणि जाते. मनात काही उरत नाही. रिक्षावाल्याने फसवलं ते महिना झाला तरी डोक्यातून जात नाही. दोन्हीकडे चुकली ती दिशाच ना? मग एवढा फरक का? कुणी या विषयातलं असेल तर सांगा, जरा मराठीत.

---

पारावरचा

डावीकडून ओव्हर... बरं, नाही लिहीत.

गुडघा कसा आहे आता?

---

चौसष्ट तारा

ताई, तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेजारच्या कामात मी तीन वर्षं घालवली आहेत. मानसशास्त्रात एमएस्सी केल्यावर एका प्रयोगशाळेत सहायक होतो. काम काय, तर येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यावर मेंदूतली बारीक वीज टिपणारी ६४ इलेक्ट्रोडची टोपी चढवायची, प्रत्येक भोकात बोथट सुईने जेल भरायचं आणि केस बाजूला सारून ते टाळूला टेकवायचं. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून सांगायचं, "डोक्याला तेल लावू नका." तरी निम्म्यांच्या आया चंपी करूनच पाठवायच्या. मग तास गेला शाम्पूत.

प्रयोग दिसायला बालिश. पडद्यावर मधोमध फुली, तिच्याकडे बघत राहायचं. डावीकडे किंवा उजवीकडे ठिपका उगवला की बटण दाबायचं. ठिपक्याच्या आधी एक खूण दिसते. ही पद्धत मायकेल पोस्नरची, १९८० चा त्याचा लेख प्रसिद्ध आहे. खूण खरी निघाली तर बोट लवकर पडतं, खोटी निघाली तर उशिरा. डोळा फुलीवरून न हलताही लक्ष खुणेच्या दिशेला जाऊन बसलेलं असतं, ते तिथून उपटून आणायला वेळ जातो.

१९९८ साली फ्रीसन आणि किंगस्टोन यांनी खुणेच्या जागी चेहरा ठेवला. चेहरा म्हणजे शाळेतली पोरं काढतात तसा, गोल आणि दोन डोळे. बुबुळं डावीकडे नाहीतर उजवीकडे. लोकांना आधीच सांगितलं होतं की या डोळ्यांचा आणि ठिपक्याचा काही संबंध नाही. तरी डोळे बघत त्या बाजूचा ठिपका लोकांना लवकर सापडायचा. फरक दहा-वीस मिलिसेकंदांचा, पण हटकून पडणारा. आणि डोळे फिरल्यावर सेकंदाच्या दहाव्या हिश्शात तो दिसू लागतो. पुढच्याच वर्षी जॉन ड्रायव्हर (आडनावच ड्रायव्हर, या धाग्याला शोभून दिसतं) आणि मंडळींनी आणखी पुढची खोडी काढली. लोकांना सांगितलं, ठिपका डोळ्यांच्या *उलट* बाजूला येण्याची शक्यता चौपट आहे. शहाणपण कशात? उलट बघण्यात. पण सुरुवातीच्या क्षणाला लक्ष जायचं डोळ्यांच्याच बाजूला.

तेव्हा रिक्षावाल्याच्या मानेबरोबर तुमचं लक्ष उजवीकडे गेलं, त्यात तुमचा काही दोष नाही. ते तुम्हाला विचारून जात नाही.

बाणाचं म्हणाल, तर आधी समजूत अशी होती की ही जादू फक्त डोळ्यांची. २००२ मध्ये दाखवून झालं की निरर्थक बाणही लक्ष ओढतो. आयुष्यभर पाट्या वाचून बाण आपल्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणजे कर्ज विभागाकडे जाणारं पाऊल आणि रिक्षाकडे गेलेली नजर, सुरुवात दोन्हींची सारखीच.

फरक पडतो तो फसल्यानंतर. उजव्या कानाच्या वर-मागे, मेंदूच्या बाजूच्या भागात एक लांबट खाच आहे, सुपीरियर टेम्पोरल सल्कस. डोळे, मान, हात यांच्या हालचाली तिथे वाचल्या जातात. २००३ साली पेल्फ्री आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावरचा एक माणूस दाखवला. त्याच्या बाजूला एक चौकटीचौकटीची आकृती उगवायची. कधी तो तिच्याकडे बघायचा, कधी ती सोडून भलतीकडेच. दोन्ही वेळा डोळे तेवढेच फिरत होते. पण तो भलतीकडे बघायचा तेव्हा या खाचेतलं मेंदूचं काम वाढायचं आणि *जास्त वेळ टिकायचं*. म्हणजे तिथे नुसती दिशा मोजली जात नाही. "वस्तू इथे असताना हा तिकडे का बघतोय?" हा प्रश्न तिथे चालू असतो.

बाणाला 'का' विचारता येत नाही. तो चुकला तर चुकला. माणूस चुकला की आपण त्याचा हेतू शोधायला लागतो. तुमचं ते वाक्य परत वाचा. 'रिक्षा डावीकडे आली' असं तुम्ही म्हणाला नाहीत. 'हा तर तिकडे बघत होता' म्हणालात.

टोपीतून दिसणारी गोष्ट वेगळी. अनपेक्षित काही घडलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात एक उंचवटा उमटतो. त्याला पी-३०० म्हणतात, १९६५ पासून माहीत आहे. रेघ वर चढताना पडद्यावर दिसते तेव्हा समोरच्या मुलीच्या मनातलं "अय्या!" डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. (खरं तर एका वेळचं दिसत नाही, शेकडो वेळांची सरासरी काढावी लागते. पण तीन वर्षांनी मला दिसायला लागलं होतं, असं मी मित्रांना सांगायचो.)

---

स्टेअरिंग निवृत्त

मी एसटीत २८ वर्षे ड्रायव्हर होतो. चौसष्ट तारा यांनी चांगले लिहिले, पण माझा प्रश्न ताईंना आहे. रिक्षावाल्याने हात सरळ धरला होता की गोल फिरवत होता?

हसू नका. आम्ही १९८९ चे नियम शिकून आलो. त्यात उजवीकडे वळायचे तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळायचे तरी हात उजवाच बाहेर काढायचा, कारण ड्रायव्हर उजवीकडे बसतो, पण तो घड्याळाच्या उलट गोल फिरवायचा. आजच्या पोरांना हे माहीत नाही. हात उजवीकडे दिसला की त्यांना वाटते उजवीकडे चालला. तुमचा रिक्षावाला जुना असेल तर बिचारा बरोबर होता.

दुसरे. हायवेला पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ. मोकळ्या रस्त्यावर 'या पुढे, वाट आहे'. फाटा जवळ असला तर 'मी वळतोय'. दिवा तोच. नवीन ड्रायव्हर दिव्याकडे बघतो, जुना फाट्याकडे बघतो.

---

कॅशियरबाई

@पारावरचा, गुडघा बरा आहे, खपली धरली.

@काका, हात सरळ होता. पण तुमच्यामुळे मला धीर करून त्या स्टँडवर जावं लागलं. रिक्षावाला ओळखीचा निघाला, म्हणजे रोज दिसणाऱ्यातला. म्हणाला, "मॅडम, मी कुठला हात दाखवतोय! मळून झाल्यावर चुना झटकत होतो." आणि मान? पिंक टाकायला!

म्हणजे खूण नव्हतीच. मीच त्यात अर्थ घातला.

@चौसष्ट तारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक शंका आहे. दहा-वीस मिलिसेकंदांनी कुणी पडतं का हो? तेवढ्यात स्कूटी वीतभर जाईल.

---

चौसष्ट तारा

हिशोब बरोबर. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर, २० मिलिसेकंदांत १७ सेंटीमीटर. वीतच. त्याने कुणी पडत नाही.

पण रस्त्यावरचा आकडा वेगळा आहे. मार्क ग्रीन नावाच्या संशोधकाने २००० साली ब्रेक लावायला लागणाऱ्या वेळेवरचा अभ्यास एकत्र करून मांडला. ब्रेक लावायचाय हे आधीच ठाऊक असेल तर साधारण पाऊण सेकंद. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, म्हणजे अचानक पण ओळखीची गोष्ट, तर सव्वा सेकंद. साफ अनपेक्षित काही आडवं आलं तर दीड. तुमच्या वेगाला पाऊण सेकंद म्हणजे सहा मीटर, दीड म्हणजे साडेबारा. तुम्ही हरवलेत ते हे मधले सहा मीटर. लक्ष उजवीकडे जाण्यात वीत गेली, बाकीचे मीटर ब्रेकची तयारीच नसल्यामुळे आणि 'पण हा तर...' मध्ये.

चुन्याचं ऐकून खूप हसलो. पेल्फ्रीच्या प्रयोगात हा प्रकार हवा होता.

---

पाटीवरचा गडी

मी कॉलेजात असताना खो-खो खेळायचो, आता शाळेत पोरांना शिकवतो, मिरजेकडे. हे सगळं वाचून वाटलं की आपण जिला हूल म्हणतो तिचंच हे शास्त्र आहे.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्या दोन गड्यांच्या मधून कुठेही आरपार जातो. म्हणून त्याचं सगळं भांडवल म्हणजे हुलकावणी. नजर खांबाकडे, डावा खांदा खांबाकडे, पहिलं पाऊलही अर्धं खांबाकडे, आणि अंग मधून पलीकडे. पाठलाग करणारा दोन पावलं खांबाकडे गेला की संपलं, आता खो दिल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही.

नवीन पोरगं पळणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतो: "तोंड बघू नको, कंबर बघ!" मान कुठेही फिरेल, डोळे कुठेही जातील. कंबर जाईल तिकडेच माणूस जातो. पण पोरांना हे सांगून जमत नाही. आठ-दहा वेळा पाटीवर तोंडघशी पडल्यावर जमतं, आणि दमल्यावर परत तोंडाकडे बघायला लागतात. वरचा ड्रायव्हरसाहेबांचा प्रयोग (शास्त्रज्ञ ड्रायव्हर, एसटीचे नव्हे) वाचून कळलं की पोरं मुद्दाम करत नाहीत.

बसलेल्या गड्याचं वेगळंच असतं. त्याला खो मागून येतो, पाठीवर थाप आणि कानात शब्द. देणाऱ्याचा चेहरा तो बघतच नाही. त्याला हूल देता येत नाही आणि तो उठतोही बाणासारखा. माझा सगळ्यात बावळट, कुठल्याही हुलकावणीला भुलणारा पोरगा खोवर उठण्यात सगळ्यात चपळ आहे. त्याचं कारण मला आज सुचलं.

---

चौसष्ट तारा

@पाटीवरचा गडी, तुमच्या हुलीवर खरोखर काम झालंय, फक्त बास्केटबॉलवर. जर्मनीतल्या विल्फ्रीड कुंडे आणि सहकाऱ्यांचा २०११ चा लेख आहे. खेळाडूचा फोटो दाखवायचे, चेंडू कुठे फेकतोय ते सांगायचं, चेहऱ्याकडे लक्ष देऊ नका. चेहरा उलट्या बाजूला वळलेला असला की लोक हमखास मंदावायचे. लेखाच्या नावाचा अर्थच 'माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेव' असा आहे.

---

बोबडे बोल

मी कोल्हापुरात विशेष मुलांना बोलायला शिकवते. एक बाजू राहिली म्हणून लिहिते, लांबवत नाही.

दीड वर्षाच्या आसपासची मुलं एक फार मोठी गोष्ट करतात. मूल हातातल्या खेळण्याकडे बघत असताना तुम्ही दुसऱ्याच खेळण्याकडे बघून नवीन शब्द उच्चारलात, तर ते थबकतं, मान वर करून *तुमचे डोळे* बघतं आणि शब्द तुम्ही बघत असलेल्या वस्तूला चिकटवतं. डेअर बाल्डविन या बाईंनी १९९१ च्या सुमारास हे नीट तपासून दाखवलं. ते थबकणं म्हणजे कॅशियरताईंचा "अगं, पण हा तर..." चाच लहान भाऊ. तिथे त्याचा उपयोग होतो, रस्त्यावर गुडघा फुटतो.

माझ्याकडच्या ऑटिझम असलेल्या काही मुलांत हे थबकणं दिसत नाही. मी टेबलावरच्या चेंडूकडे बघत 'दे' म्हटलं तर हातातली गाडी देतात. चौसष्ट तारा यांनी सांगितलेला प्रयोग त्याच पेल्फ्रींनी २००५ मध्ये ऑटिझम असलेल्या लोकांवर केला होता. ती खाच त्यांच्यातही जागी होत होती, पण बघणं अपेक्षित की अनपेक्षित हा फरक तिच्यात उमटत नव्हता. आमच्या पालकांना मी हे असं समजावते: त्याला तुमचे डोळे दिसतात, फक्त ते त्याला चहाडी करत नाहीत. म्हणून आम्ही आधी बोट दाखवतो, मग बोट आणि नजर, मग हळूहळू बोट काढून घेतो. एका मुलाचं बोट काढायला मला १४ महिने लागले. ज्या दिवशी त्याने नुसत्या नजरेवर चेंडू दिला त्या दिवशी मी मुद्दाम भिंतीकडे बघून 'दे' म्हटलं. त्याने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसला.

---

पारावरचा

वरचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. बाकी हा धागा जपून ठेवतोय.

अवांतर: एकाने वर बघितलं की सगळे वर बघतात, असाही प्रयोग ऐकला होता. खरा आहे का?

---

चौसष्ट तारा

खरा. स्टॅनली मिलग्रॅम आणि सहकारी, लेख १९६९ चा, जागा न्यूयॉर्कचा ४२ वा रस्ता. आपली माणसं पदपथावर उभी करायची आणि मिनिटभर सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे बघायला लावायची. खिडकीत काही नाही. एकच माणूस उभा असला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या ४२ टक्के लोकांनी वर बघितलं, पण थांबले फक्त ४ टक्के. १५ जण उभे केले तर ८६ टक्क्यांनी बघितलं आणि ४० टक्के चक्क थांबले.

---

कॅशियरबाई

केला!

काल दुपारी अडीचला, गर्दी ओसरल्यावर. काउंटरबाहेर येऊन उभी राहिले आणि पंख्याच्या शेजारी छतातल्या एका डागाकडे बघत बसले. मनात साठपर्यंत मोजलं. कॅशियरला तेवढं जमतं.

पहिले ठेव पावती घ्यायला आलेले आजोबा. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. मग आमची क्लार्क, पेन तोंडात धरून. कर्ज विभागातून एक जण बाहेर आला (उजवीकडच्या खोलीतून), तो थांबलाच. दोन गिऱ्हाइकं रांग सोडून माझ्या शेजारी येऊन उभी. साठ सेकंदांत पाच जण वर. मिलग्रॅमपेक्षा माझा निकाल चांगला आहे, पतसंस्थेतल्या लोकांना वेळ जास्त असतो हे लक्षात घ्या.

शेवटी शिपाईमामा आले, त्यांनी छताकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाल आहे का पाणी गळतंय? पाल असली तर मी झाडू आणतो, पाणी असलं तर साहेबांना सांगा."

साहेबांना बाणाचं सांगितलं. सोमवारी बदलतो म्हणालेत.